दख्खनच्या खेकड्याला नाव मिळवून देणारा कर्नल

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की तापी आणि पांझरेच्या खोऱ्यातील काळी माती जागी होते. नरडाण्यापासून मुडावदच्या संगमापर्यंतच्या शिवारांत, नाल्यांच्या काठांवर आणि शेताच्या बांधांवर चिखलाच्या लहान लहान ढिगाऱ्यांनी वेढलेली बिळे दिसू लागतात आणि उन्हाळाभर जमिनीखाली दडून बसलेला खेकडा बाहेर पडतो. लहान मुलांना त्याचे आकर्षण, खवय्यांना त्याच्या रश्श्याचे आणि शेतकऱ्याला मात्र बांध पोखरला जाण्याची चिंता. खेकड्याशी असलेला आपला परिचय बहुधा इथेच संपतो. या परिचित जीवाला शास्त्रीय नाव कधी आणि कसे मिळाले, याचा शोध घेऊ गेल्यास तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एका अधिकाऱ्यापाशी जाऊन पोहोचतो. या अधिकाऱ्याचे नाव विल्यम हेन्री सायक्स.

सायक्स हा पेशाने सैनिक. सरकारने त्याला नेमले ते माणसे, नांगर, विहिरी आणि महसूल मोजण्यासाठी. पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला, ब्रिटिश संसदेत बसला, विद्वत्सभांची अध्यक्षपदे त्याने भूषविली. परंतु आज जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना तो आठवतो तो या मानमरातबांमुळे नव्हे. दख्खनच्या माळांवर, नद्यांच्या डोहांवर आणि स्वतःच्या घराच्या व्हरांड्यात त्याने जे डोळसपणे पाहिले, त्यामुळे त्याचे नाव टिकून राहिले आहे.

पंधराव्या वर्षी रणांगणावर

सायक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ झाला. मिसरूडही फुटले नव्हते त्या वयात, १८०३ मध्ये त्याची कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून निवड झाली आणि पुढच्याच वर्षी तो मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकच्या सेनेने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला. त्या धुमश्चक्रीत सायक्स होता आणि त्याचे वय होते अवघे पंधरा वर्षांचे.

लढाईइतकेच त्याचे लक्ष भाषांकडे होते. हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून १८१० मध्ये तो दुभाषा म्हणून काम करू लागला. इंग्रज अधिकाऱ्यांत त्या काळी हे कौशल्य बढतीचे साधन मानले जाई. सायक्सच्या बाबतीत मात्र पुढे ते त्याच्या सर्व संशोधनाचा पाया ठरले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि पुणे येथे पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढायांत त्याने देशी शिपायांच्या तुकड्यांचे नेतृत्व केले. त्यानंतर सह्याद्रीतील गड काबीज करण्याच्या मोहिमांतही तो सामील होता. ज्या डोंगरांत तो शत्रू म्हणून शिरला, त्याच डोंगरांत काही वर्षांनी तो दुर्बीण आणि वही घेऊन हिंडणार होता.

तोफांचा धूर विरतो न विरतो तोच वेरूळच्या लेण्यांचे वर्णन त्याने लिहून काढले आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे ठेवले. १८२० मध्ये तो रजेवर युरोपला गेला. तिथे राहून त्याने प्रवास केला, १८२४ मध्ये विवाह केला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो पुन्हा मुंबईस परतला.

चार जिल्ह्यांचा मोजणीदार

त्या वेळी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई संपून सहा वर्षे झाली होती. हाती आलेला मुलूख कसा आहे, त्यात गावे किती, माणसे किती, जमिनीचे हक्क कोणाचे, पीकपाणी काय, याची खात्रीलायक माहिती कंपनीकडे नव्हती. एल्फिन्स्टनने सायक्सला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या अभ्यासकक्षेत आले.

यांपैकी खानदेशची अवस्था सर्वांत बिकट होती. पेंढाऱ्यांच्या धाडी, होळकरांच्या फौजांची ये-जा, दुष्काळ आणि १८१८ पर्यंत चाललेली अनागोंदी यांनी तापीकाठची गावे ओस पाडली होती. सातपुड्यातील भिल्लांचे उठाव शमलेले नव्हते. जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास १८२५ मध्ये सुरुवात केली, त्याच सुमारास सायक्सच्या मोजणीचे काम चालू होते. धुळे हे जिल्ह्याचे ठाणे नव्याने आकार घेत होते. आज ज्या शिंदखेडा तालुक्यात नरडाण्याचे रेल्वे स्थानक आणि औद्योगिक वसाहत आहे, तो सारा भाग तेव्हा या विस्तीर्ण खानदेश जिल्ह्याचाच एक भाग होता.

हे काम सत्तेच्या सोयीचे होते, हे विसरून चालणार नाही. ज्याला मुलूख मोजता येतो, त्याला त्यावर सारा बसविता येतो. सायक्सच्या आकड्यांचा पहिला उपयोग महसुलासाठीच होता. पण मिरासदार म्हणजे कोण, उपरी म्हणजे कोण, गावातील जुन्या जमिनी कोणत्या घराण्यांच्या नावाने ओळखल्या जातात, हे समजून घेताना तो पाटील-कुळकर्ण्यांची दप्तरे उलगडून पाहत असे. दख्खनमधील जमीनधाऱ्यावर त्याने लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. चारही जिल्ह्यांचा त्याचा सांख्यिकी अहवाल नंतर ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिक संस्थेने छापला.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने काटकसर म्हणून त्याचे पदच रद्द केले. रीतसर पाहता सायक्सने पलटणीत परतायला हवे होते. त्याने रजा मागून घेतली आणि अर्धवट राहिलेले काम १८३१ च्या प्रारंभापर्यंत पुरे केले. पद गेले तरी कामाची ओढ गेली नाही, यातच या माणसाचा स्वभाव दिसतो.

मराठी नावांची शास्त्रीय नोंद

गावोगावी मुक्काम टाकीत हिंडताना सायक्सजवळ वायुभारमापक आणि तापमापक असत. दिवसाच्या ठराविक वेळी हवेचा दाब कसा चढतो आणि उतरतो, याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षे केल्या. त्यावरील त्याचा प्रबंध रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये प्रसिद्ध केला. दख्खनच्या काळ्या कातळाच्या थरांवर त्याने भूशास्त्रीय निबंध लिहिला. टसर रेशमाच्या किड्याची माहिती त्याने दिली. पण त्याचा जीव खऱ्या अर्थाने रमला तो प्राण्यांत.

१८३१ आणि १८३२ या वर्षांत लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची सूची मांडली. माळरानावरचा आपला लांडगा आज पॅलिपेस या उपजातीच्या नावाने ओळखला जातो, ते नाव सायक्सने दिलेले आहे. कोळसून अर्थात रानकुत्रा आणि कोकरी अर्थात खोकड यांची वर्णनेही त्याने लिहिली. खोकडाला तर त्याने कोकरी हेच शास्त्रीय नाव देऊन टाकले. माळावर गात गात उंच उडणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाला त्याने देवा, तर एका लहानशा वटवट्या पक्ष्याला रामा असे नाव दिले. दोन्ही नावे आजही प्रचारात आहेत.

माशांच्या बाबतीत त्याने जे केले ते अधिक लक्षणीय आहे. भीमा आणि तिच्या उपनद्यांतील चाळीसहून अधिक जातींच्या माशांवरचा त्याचा प्रबंध १८३९ मध्ये प्रकाशित झाला. पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महासीराला त्याने खुदरी हे नाव दिले. त्याखेरीज कोलस, मुल्या, बोगट, पोटईल, इचका ही सारी नावे त्याने मच्छीमारांच्या तोंडून ऐकली आणि जशी कानावर पडली तशी लॅटिनच्या पंक्तीला बसविली. युरोपातील विद्वान तेव्हा नव्या प्राण्यांना राजेरजवाड्यांची, आश्रयदात्यांची किंवा मित्रांची नावे देत. सायक्सनेही काही मासे इंग्रज मित्रांच्या नावे केले. पण भोई आणि कोळी यांची बोली विज्ञानाच्या पोथीत कायमची नोंदली गेली, ती मराठी जाणणाऱ्या या दुभाषामुळे. आज जपानमधील अथवा जर्मनीतील एखादा मत्स्यशास्त्रज्ञ खुदरी म्हणतो, तेव्हा आपण एक मराठी शब्द उच्चारत आहोत याची त्याला कल्पनाही नसते.

पाहत राहण्याची सवय

नाव देणे ही एक गोष्ट आणि जिवंत प्राण्यापाशी थांबून राहणे ही दुसरी. सायक्सचे वेगळेपण या दुसऱ्या गोष्टीत होते. पुण्यात असताना १८२९ च्या पावसाळ्यात परेडच्या मैदानाजवळ त्याला गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. मुंग्यांनी साठविलेले बी पावसाने भिजले होते आणि ते सुकविण्यासाठी त्या बिळांतून बाहेर आणीत होत्या. मुंग्या धान्य साठवितात ही प्राचीन समजूत तेव्हाच्या युरोपीय तज्ज्ञांनी खोटी ठरविली होती, कारण त्यांच्या थंड देशांतील मुंग्या तसे करीत नसत. पुण्याच्या मुंगीने त्यांना उत्तर दिले. साठा करणाऱ्या त्या मुंगीला सायक्सने दूरदर्शी या अर्थाचे लॅटिन नाव दिले.

त्याच्या घरातील मुंग्यांची हकिकत तर पुढे अनेक ग्रंथांत आली. व्हरांड्यातील टेबलावर मिठाई ठेवलेली असे. मुंग्या चढू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत उभे केलेले. टेबल भिंतीपासून जेमतेम दूर होते. तरीही मुंग्या मिठाईवर येतच राहिल्या. सायक्सने लक्ष ठेवले तेव्हा दिसले, की मुंगी भिंतीवरून टेबलापेक्षा उंच चढते आणि तिथून अंग झोकून देऊन नेमकी टेबलावर पडते. दुसऱ्या कोणी नोकराला ओरडून टेबल हलविले असते. सायक्सने आधी पाहिले आणि लिहून ठेवले.

खेकड्याचा प्रश्न

या पाहण्याच्या वाटेवरच त्याला दख्खनचा खेकडा भेटला. त्याच्या आधी कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये पुण्याकडे आला होता. गवताचे आणि भाताचे हिरवे देठ नांगीने कापून, स्वतःएवढा भारा घेऊन तिरकस चालीने बिळाकडे पळणारे असंख्य लहान खेकडे पाहून त्याला मोठी गंमत वाटली आणि त्याने ती आपल्या रोजनिशीत नोंदविली. हेबरने प्रवाशाच्या नजरेने पाहिले. सायक्सने त्या प्राण्याचे नमुने जमविले, इंग्लंडला नेले आणि १८३६ मध्ये लंडनच्या एन्टॉमॉलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात त्यावर टिपण लिहिले. कीटकांच्या संस्थेत खेकडा कसा, असे आज वाटेल. पण त्या काळी संधिपाद प्राणी बहुधा एकाच अभ्यासकाच्या टेबलावर येत.

शास्त्रीय वर्णन केले ते जॉन ओबादाया वेस्टवुड या कीटकशास्त्रज्ञाने. त्याने जातीला क्युनिक्युलॅरिस हे नाव दिले. सशाच्या बिळाला असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले आहे, म्हणजे बीळ खोदणारा तो. पुढे १९०९ मध्ये आल्फ्रेड अल्कॉक याने भारतीय गोड्या पाण्यातील खेकड्यांची नवी मांडणी केली आणि बॅरिटेल्फ्यूसा हा गट निर्माण केला. तेव्हापासून आपल्या शेताच्या बांधावरचा खेकडा बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखला जातो. जुन्या रीतीप्रमाणे या नावापुढे वेस्टवुड आणि सायक्स या दोघांचाही उल्लेख होतो.

हा खेकडा लंडनला पोहोचला तो नेमका एका वादाच्या ऐन भरात. जॉन व्हॉन टॉम्पसन या लष्करी डॉक्टरने आयर्लंडच्या किनाऱ्यावर समुद्रातील सूक्ष्म जीव काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून पाहिले होते. खेकड्याच्या अंड्यातून खेकडा बाहेर पडत नाही. मोठ्या डोळ्यांचा, लांब काट्याचा, पोहणारा एक विचित्र जीव बाहेर पडतो आणि कात टाकत टाकत त्याचा खेकडा होतो, असे त्याचे म्हणणे होते. वेस्टवुडने १८३५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे याला कडाडून विरोध केला. वेस्ट इंडीजमधील एका भूखेकड्याची मद्यार्कात जतन केलेली पिले त्याने तपासली होती आणि ती थेट लहान खेकड्यांसारखीच होती.

आज आपल्याला ठाऊक आहे, की समुद्री खेकड्यांबाबत टॉम्पसन बरोबर होता. पण दख्खनचा खेकडा त्या नियमाला अपवाद आहे. पठारावर राहणाऱ्या या खेकड्याला सह्याद्रीचा कडा उतरून समुद्र गाठणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मादी मोजकी पण मोठी अंडी पोटाखालच्या झाकणात बाळगते. पोहणाऱ्या अवस्था अंड्याच्या आतच संपतात आणि बाहेर पडते ते नखाएवढे परिपूर्ण खेकड्याचे पिलू. काही काळ ही पिले आईच्या पोटालाच बिलगून राहतात. समुद्रापासून तुटलेल्या तापीच्या, गोदावरीच्या आणि भीमेच्या खोऱ्यांत हा प्राणी टिकला तो या युक्तीमुळे. त्याच्या कल्ल्यांच्या पोकळीचे अस्तर रक्तवाहिन्यांनी समृद्ध असून ते फुप्फुसासारखे काम करते. त्यामुळे ओलावा असेल तोवर तो पाण्याबाहेरही श्वास घेतो आणि उन्हाळ्यात बिळाच्या तळाशी तग धरून राहतो.

काचेतील पाणी

मद्यार्कातील मृत नमुन्यावरून वाद मिटत नाहीत, जिवंत प्राणी डोळ्यांपुढे असावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा होता. मात्र घरात पाण्यातील जीव दीर्घकाळ जिवंत कसा ठेवावा, हे तेव्हा कोणालाच नीट जमत नव्हते. सायक्स पुण्यात मुंग्या पाहत होता त्याच १८२९ सालात लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला बंद बाटलीतील ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप वाढलेले दिसले. त्यातून काचेच्या पेटीत वनस्पती जगविण्याची कला जन्मली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पुढचे पाऊल टाकले. पाण्यात सोनमासा, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणारी गोगलगाय यांचा समतोल साधला, तर पाणी न बदलताही सारे जगतात, असे त्याने दाखविले. वनस्पती लावलेल्या आजच्या मत्स्यालयाचे ते मूळ. १८५३ मध्ये झूऑलॉजिकल सोसायटीने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. याच संस्थेपुढे सायक्सने आपल्या सूची मांडल्या होत्या. तोवर त्याने साठी ओलांडली होती.

दीडशेहून अधिक वर्षांनंतर ही कला आपल्या गावोगावी पोहोचली आहे. मत्स्यालयाच्या दुकानांत आता रंगीत माशांबरोबर तांबडी चेरी कोळंबी, शेवाळ खाणारी जपानी अमानो कोळंबी आणि निळसर ऑस्ट्रेलियन क्रेफिश विकायला असतात. या हौसेत सायक्सची आठवण दोन कारणांसाठी ठेवावी. पहिले हे, की परदेशी पाहुण्यांच्या शोधात आपल्या नाल्यातील खेकडा आणि झिंगा नजरेआड होतो. दुसरे हे, की भारतात क्रेफिशची एकही मूळ जात नाही. कंटाळा आला म्हणून असा पाहुणा तापीत किंवा पांझरेत सोडून देणे म्हणजे सायक्सने मच्छीमारांच्या तोंडून टिपलेल्या नावांच्या मालकांवर संकट आणणे होय. पाळलेला जीव पुन्हा नदीत जाऊ नये, हा या छंदाचा पहिला नियम असायला हवा.

बांधावरचा खेकडा टाकीत ठेवायचा तर त्याच्या स्वभावाची दखल घ्यावी लागते. केवळ पाण्याने भरलेली टाकी त्याला चालत नाही. निम्मी जागा ओल्या मातीची आणि वाळूची, बीळ करता येईल इतकी खोल असावी. बाकीच्या भागात उथळ, क्लोरीन उडून गेलेले पाणी असावे. झाकण घट्ट हवे, कारण तो चढण्यात पटाईत असतो. एका टाकीत एकच खेकडा ठेवणे शहाणपणाचे, कारण कात टाकल्यावर मऊ पडलेल्या खेकड्याला दुसरा खाऊन टाकतो. टाकलेली कात लगेच काढू नये. तो ती स्वतःच खातो आणि नव्या कवचासाठी लागणारा चुना परत मिळवितो. नाजूक पाणवनस्पती लावल्या तर हेबरने पाहिलेले दृश्य घरातच दिसते: सकाळी देठ कापलेले आणि पाने बिळाच्या तोंडाशी गोळा केलेली. म्हणून हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियासारख्या भराभर वाढणाऱ्या वनस्पती योग्य. बागेची शोभा जपणाऱ्याने हा प्राणी ठेवू नये. ज्याला खेकडा पाहायचा आहे, त्याने बागेचा मोह सोडावा. पावसाळ्याच्या तोंडावर पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली, तर तिला मात्र तिच्या नाल्यातच राहू द्यावे.

संसदेतील वृद्ध

सायक्स १८३१ मध्ये भारत सोडून गेला तो कायमचा. १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर तो निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो निवडला गेला. मनोरुग्णांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगावर त्याने १८३५ ते १८४५ अशी दहा वर्षे काम केले. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि १८५६ मध्ये अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी उत्तर भारतात उठावाचा वणवा पेटला आणि १८५८ मध्ये कंपनीची सत्ताच संपुष्टात आली. ज्या संस्थेत तो पोरवयात शिपाईगिरीसाठी शिरला, तिच्या अखेरच्या अध्यक्षांपैकी एक होण्याचा योग त्याच्या वाट्याला आला.

१८५७ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबरडीन मतदारसंघातून तो संसदेवर निवडून आला आणि मृत्यूपर्यंत त्याने ती जागा राखली. चीनमधील तायपिंग बंडखोरांविरुद्ध ब्रिटिश फौजा वापरण्यास त्याने उघड विरोध केला. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे आणि १८६३ ते १८६५ या काळात स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. आकडे आणि जीव या दोन्हींवरचे त्याचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. इकडे दख्खनवर तो मृगाचाच काळ होता.

सायक्सच्या आकड्यांची जागा पुढच्या जनगणनांनी घेतली. खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला, नंतर त्यातून जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे झाले. त्याने मोजलेली गावे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. टिकली ती लांडग्याची, महासीराची, चंडोलाची आणि खेकड्याची नावे. १९७० च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी याच क्युनिक्युलॅरिस खेकड्यावर संप्रेरकांचा आणि प्रजननाचा अभ्यास केला, तेव्हा विषय सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या टिपणापासून खूप पुढे गेला होता.

तरीही सार्वजनिक जीवनात खेकड्याची ओळख आरोपीचीच राहिली. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून अनेकांचे बळी गेले, तेव्हा धरण खेकड्यांनी पोखरले असा खुलासा राज्याच्या मंत्र्याकडून झाला आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. खेकडे बांधात बिळे करतात, यात नवे काही नव्हते. ते तर त्याच्या शास्त्रीय नावातच १८३६ पासून लिहिलेले आहे. ज्या प्राण्याचा स्वभाव एवढा जुना आणि ज्ञात, त्याचा विचार बांध घालणाऱ्याने आणि राखणाऱ्याने करायचा असतो.

ज्या मुलखावर राज्य करायला तो आला, तिथल्या मुंगीपुढे आणि खेकड्यापुढे थांबायला या कर्नलला कमीपणा वाटला नाही. आपल्या शिवारातील जीव पाहायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागत नाही. मृगाच्या पावसानंतर बांधावर थोडा वेळ उभे राहिले तरी पुरते.